प्रकरण सतरावे: टाकीवरचा चाफा

आप्पा पहिल्या मजल्याच्या वळणावर दम खायला थांबले, तेव्हा धाकटीला वाटलं, चला, आणखी पाच मिनिटं मिळाली. दुसऱ्या मजल्यावर ते पुन्हा थांबले आणि तिला पुन्हा पाच मिनिटं मिळाली. पण जिना काही वाढवून मिळत नाही. चार महिन्यांपूर्वी खुब्याचं हाड मोडून घेतलेला तिचा सासरा आज काठी टेकत, कठडा धरत, थोरल्या मुलाला शिव्या घालत स्वतःच्या घराच्या गच्चीवर पोचणार म्हणजे पोचणारच होता.

आणि गच्चीवरच्या पिंपात त्यांचा चाफा मेलेला होता.

गच्चीची किल्ली धाकटीच्या कमरेला होती. तीच तर पीडा होती. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी थोरले आप्पांच्या पलंगाशी बसून पुन्हा तेच घेऊन बसले होते. खालच्या दुकानात चष्म्याची भिंगं घासायला जागा पुरत नाही, नवं मशीन येणार, गच्चीवर पत्रे घालून कारखाना वर नेऊ. तीन वर्षं हाच धोशा चालला होता आणि तीन वर्षं आप्पा एकच उत्तर देत होते, की पत्र्याखाली चाफा जगत नाही. त्या दिवशी मात्र त्यांना वेदना असह्य झाल्या असाव्यात. ते म्हणाले, "हे बघ, मी परत येईन तेव्हा चाफा जिवंत असेल तर गच्ची उघडी राहील. मेला असेल तर घाल तुझे पत्रे. पण तोवर झाड धाकटी बघेल. दुसऱ्या कोणी त्याला बोटसुद्धा लावायचं नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. थोरल्या जाऊबाईंनीही डोलावली, पण वीस वर्षं या घरात राबलेल्या बाईला डावलून सहा वर्षांपूर्वी आलेलीच्या हातात किल्ली जाते म्हटल्यावर ती मान जितकी डोलायची तितकीच डोलली.

त्यानंतर आप्पा मुलीच्या घरी राहायला गेले, कारण तिचं घर तळमजल्यावर होतं. इकडे थंडी पडली आणि चाफ्याची पानं गळाली. ती दरवर्षीच गळायची. पण दरवर्षी आप्पा खुर्ची टाकून शेजारी बसलेले असायचे आणि जो येईल त्याला सांगायचे, "झोपलंय ते. झोपू द्या." या वर्षी सांगायला कोणी नव्हतं. धाकटीने मात्र त्यांचं ऐकलेलं लक्षात ठेवलं होतं. ती आठवड्यातून एकदा एक तांब्या पाणी घालायची, तेही माती पार कोरडी असेल तर. गंमत अशी की माती कोरडी कधी दिसायचीच नाही. तिला वाटायचं, थंडीच तशी आहे.

दीड महिन्याने तिने सहज बुंध्यावर अंगठा दाबला आणि अंगठा आत गेला.  पिंपातली माती उकरली तर वरच पांढरा थर, गिलाव्यासारखा टणक. तिला ती बुरशी वाटली. कुजल्याचा आंबट वास येत होता. ती कोणाला काही बोलली नाही. कोणाला सांगणार? नणंदेने बजावलेलं, आप्पांना त्रास होईल असं एक अक्षर बोलायचं नाही. थोरल्यांना सांगणं म्हणजे पत्रेवाल्याला फोन करणं. नवऱ्याला सांगावं तर नवरा म्हणजे मोठ्या भावाच्या ताटाखालचं मांजर.

तिने आरी आणली, स्पिरिटने पुसली आणि फांद्या कापायला सुरुवात केली. आत तपकिरी निघालं की आणखी वर कापायची. पांढरंशुभ्र लाकूड आणि घळाघळा चीक दिसेपर्यंत कापत गेली. तशा सहा फांद्या हाती लागल्या. कापलेली टोकं सुकली पाहिजेत, ओली टोकं मातीत गेली की कुजतात, हेही आप्पांचंच. म्हणून तिने त्या बारा दिवस कपाटावर सुटकेसच्या मागे आडव्या ठेवल्या. मग रंगाच्या रिकाम्या डब्यांना खिळ्याने भोकं पाडली, जाड वाळू आणि विटांचे तुकडे भरले, त्यात फांद्या रोवल्या आणि ते डबे शिडी लावून पाण्याच्या टाकीवर नेऊन ठेवले. तिथे दिवसभर ऊन असतं आणि दुसरं कोणी फिरकत नाही. शिडी तिने आपल्या खोलीत पलंगाखाली घातली. घरात सांगितलं, छाटणी केली. जाऊबाई म्हणाल्या, "छाटणी कसली, मुंडण केलंस!"

सहापैकी एक फांदी सुकून गेली. पाच राहिल्या. पंधरा दिवसांपूर्वी त्यांना कोवळी पानं फुटली. पण तेवढ्याने धाकटीचा जीव भांड्यात पडला नव्हता. चाफ्याच्या फांदीत स्वतःचीच शिदोरी असते. ती मुळाशिवायही चार पानं काढते, आपल्याला आशेला लावते आणि मग एक दिवस मान टाकते. मुळं धरली की नाही ते ओढून बघायची तिची हिंमत झाली नव्हती. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, झाड आपल्या हातून कसं मेलं हेच तिला कळलेलं नव्हतं. सांगितलं तसंच तर केलं होतं. रोज आंघोळ करताना, पोळ्या लाटताना ती तोच हिशोब पुन्हा पुन्हा मांडायची आणि रोज उत्तर एकच यायचं, की चूक माझीच.

आप्पा गच्चीवर पोचले. नणंदेने त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं. कठड्याच्या कडेने लोखंडी अँगल रचून ठेवलेले होते. पत्रे यायचे बाकी होते, बाकी तयारी झालेली होती. आप्पांनी अँगलकडे पाहिलं, मग पिंपाकडे. पिंपात एक काळपट, सुरकुतलेला खुंट उभा होता.

 मग थोरल्यांनी घसा साफ केला.

"आप्पा, मी तुम्हाला आधीच सांगणार होतो. पण ही म्हणाली, उगाच तिकडे जिवाला घोर कशाला."

"मी म्हणाले होते," नणंद म्हणाली.

"तेच ते. आता जे झालं ते झालं. धाकटीला दोष द्यायचा नाही मला. पण झाडाला पाणी तरी घालावं माणसाने."

"आठवड्याला एक तांब्या!" जाऊबाईंना राहवेना. "मी या डोळ्यांनी बघत होते, आप्पा. एवढं मोठं झाड, त्याची सगळी पानं गळून गेली आणि ही बाई आठवड्याला एक तांब्या घालते. मुक्या जिवाला असं उपाशी मारतं का कोणी?"

धाकटी मान खाली घालून उभी होती. तिच्या नवऱ्याने आभाळाकडे पाहिलं. तिथे काहीच नव्हतं, तरी तो बघत राहिला.

आप्पा म्हणाले, "एक तांब्या म्हणजे पुष्कळ झालं. थंडीत त्याहून जास्त लागत नाही."

"कमाल करता आप्पा!" नणंद म्हणाली. "तुम्ही पाहिलं नाहीत म्हणून. नुसती हाडं राहिली होती हो झाडाची. मी बुधवारी तुमचे कपडे न्यायला यायचे ना, मला बघवायचं नाही. किल्ली मागून घ्यायचे, गच्चीत कपडे सुकलेत का बघते म्हणून, आणि..."

ती थांबली.

"आणि काय?" आप्पांनी विचारलं.

"आणि काही नाही."

"ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस. आणि काय?"

"बादलीभर पाणी घालायचे," नणंद म्हणाली. "एकच बादली. आठवड्याला एक. या घरात कोणी घालत नाही म्हटल्यावर मी तरी घालायला नको?"

धाकटीने मान वर केली. बुधवारी किल्ली मागून नेलेली तिला आठवत होती. कपडे सुकलेत का बघायला म्हणून!

"बादली?" जाऊबाई कडाडल्या. "वन्सं, बादली ओतलीत तुम्ही त्यात? तरीच! तरीच माझं धुवण वरच्या वर राहायचं!"

आता सगळे जाऊबाईंकडे वळले. त्यांनी पदर सारखा केला.

"तांदळाचं धुवण हो. पौष्टिक असतं. रोजचं मोरीत जायचं ते झाडाला जाऊ दे म्हटलं, त्यात काय? सकाळी ही गच्ची झाडायला दार उघडते आणि झाडू आणायला खाली जाते, तेवढ्यात पातेलं रिकामं करून यायचे. मला काही किल्लीची हौस नाही. पण झाड मरू द्यायचं का?"

"रोज?" आप्पांनी विचारलं.

"रोज."

"किती मोठं पातेलं?"

जाऊबाईंनी हातांनी दाखवलं. मग बहुधा स्वतःलाच ते मोठं वाटलं म्हणून हात थोडे जवळ आणले.

आप्पा पुढे वाकले, काठीने पिंपातली माती टोकरली. खट् असा आवाज आला. त्यांनी पुन्हा टोकरली, पुन्हा खट्. त्यांनी बोटाच्या नखाने तो पांढरा थर खरवडला, दोन बोटांत चोळला आणि डोळे मिटले. चाळीस वर्षं त्या बोटांनी भिंगं घासण्यावाचून दुसरं काही केलेलं नव्हतं.

"ही बुरशी आहे ना आप्पा?" धाकटीने विचारलं. दुपारपासूनचं तिचं ते पहिलं वाक्य होतं. "मी काढायचे, पुन्हा यायची."

"बुरशी नाही. भिंगाची भुकटी आहे ही." आप्पांनी डोळे उघडले आणि धाकट्या मुलाकडे पाहिलं. "का रे?"

धाकटीच्या नवऱ्याने आभाळ सोडलं आणि जमिनीकडे पाहायला सुरुवात केली.

"मशीनचं पाणी," तो पुटपुटला.

"मोठ्याने."

"मशीनमधलं पाणी बदलतो ना आप्पा, संध्याकाळी. भिंग घासताना जे खाली साठतं ते. गटारात ओतलं की पाइप तुंबतो, प्लंबरने मागे सांगितलं होतं. ही वाळलेले कपडे घेऊन खाली गेली की दार उघडंच असतं. म्हटलं, झाडाला घालू. पाणीच तर आहे. तेवढीच हिला मदत."

"अहो, तुम्हीसुद्धा?" धाकटी म्हणाली.

"तुला मदत म्हणून गं!"

"पाइप तुंबतो हे कळलं तुम्हाला, आणि पिंपाचं भोक तुंबेल हे कळलं नाही? मी अडीच महिने झोपले नाही नीट! अडीच महिने! रोज रात्री तुमच्या शेजारी पडून तुम्हाला विचारत होते, माती ओलीच कशी राहते हो, आणि तुम्ही काय म्हणायचात? 'होतं असं कधी कधी!'"

 नणंदेला हसू आलं आणि ते दाबताना तिला ठसका लागला. जाऊबाईंनी तिच्या पाठीवर थोपटलं, पण धाकटीच्या बाजूने त्या आता जरा जास्तच जोरात मान हलवत होत्या. नवऱ्यांचा विषय निघाला की त्या घरात बायकांचा पक्ष आपोआप एक व्हायचा.

"म्हणजे रोज पातेलं, रोज मशीनचं पाणी आणि बुधवारी बादली," आप्पा म्हणाले. "आणि खालून निचरा बंद. अति तेथे माती म्हणतात, तुम्ही तर मातीचाही चिखल केलात." मग ते थोरल्यांकडे वळले. "आणि तू रे?"

"मी काय?" थोरले म्हणाले.

"तू नाही घातलंस?"

"मला तर पत्रे घालायचे होते आप्पा. मी कशाला पाणी घालू?"

ते फार पटकन बोलले. इतक्या पटकन, की त्यांच्या बायकोने वळून त्यांच्याकडे पाहिलं.

"सकाळी दात घासत गच्चीच्या जिन्यावर का जाता म्हटलं तुम्ही?" जाऊबाई म्हणाल्या. "आणि हातात पाण्याचा मग कशाला न्यायचात?"

थोरल्यांनी एक अँगल उगाच पायाने सरळ केला. ते दुकानात गिऱ्हाइकाला डोळे न मिचकावता सांगायचे, की ही फ्रेम तुमच्यासाठीच घडवली आहे. पण आता त्यांना आपल्या बापाकडे बघता येईना.

"दार बंद असायचं, पण जाळीतून हात जातो," ते म्हणाले. "पिंप दाराशीच आहे. रोज एक मग घालायचो."

"का?"

"का म्हणजे? तुम्ही तिकडे पलंगावर पडलेले. डॉक्टर म्हणत होते, या वयात सांगता येत नाही. आणि इथे हे झाड असं रोज वाळत चाललेलं दिसायचं." त्यांनी सरळ केलेला अँगल पुन्हा पायाने लोटला. "पत्रे मला पाहिजेच होते. पण तुम्ही घरी याल आणि मी तुम्हाला सांगेन, झाड मेलं, असं कसं सांगणार होतो मी? मला नसतं सांगता आलं."

 आप्पांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली आणि मोकळा झालेला हात पुढे करून थोरल्या मुलाचं मनगट धरलं. धरलं आणि तसंच ठेवलं. पन्नाशीचा माणूस शाळेतल्या पोरासारखा उभा राहिला.

धाकटीला मात्र त्या वेळी थोरल्यांबद्दल वाईटबिईट काही वाटलं नाही. तिला फक्त एवढंच कळत होतं, की चूक तिची नव्हती. आठवड्याचा एक तांब्या बरोबर होता. ती पहिल्या दिवसापासून बरोबर होती! अडीच महिने छातीवर ठेवलेलं जातं कोणीतरी उचलून बाजूला ठेवावं तसं तिला झालं. तिला मोठ्याने हसावंसं वाटलं, आणि जाऊबाईंना मिठी मारावीशीही वाटली, ज्याची तिला एरवी कधी इच्छा झालेली नव्हती.

"धाकटे," आप्पा म्हणाले, "हे काप तुझे?"

ते खुंटाकडे बोट दाखवत होते.

"हो आप्पा."

"तिरके आणि साफ आहेत. आरी पुसली होतीस?"

"स्पिरिटने."

"असे काप मेलेल्या झाडाला देत नाही कोणी. फांद्या कुठे आहेत?"

धाकटीने टाकीकडे बोट केलं.

मग जी धावपळ झाली ती विचारू नका. नवरा खाली पळाला आणि पलंगाखालून शिडी घेऊन आला, वाटेत जिन्याचा दिवा फोडून. थोरले स्वतः शिडीवर चढले. टाकीच्या वर डोकं गेल्यावर ते नुसतेच उभे राहिले, खालून बायको ओरडली, "अहो दिसतंय का काही?" तरी बोलेनात. मग एकेक डबा खाली आला. प्रत्येक फांदीच्या टोकाला हिरवीगार पानं होती, आणि एकीच्या टोकाला पानांच्या मधोमध तांबूस कळ्यांचा झुबका होता.

"अगंबाई!" जाऊबाई खाली बसल्याच. "कळ्या!"

"कळ्यांना भुलू नका," आप्पा म्हणाले. "फांदी मरतानाही फुलते. मुळं बघितलीस?"

"नाही आप्पा. भीती वाटली."

"ओढून बघू नकोस. सगळ्यात अशक्त कुठली?"

तिने कडेचा डबा पुढे केला. त्या फांदीला तीनच पानं होती. आप्पांनी सदऱ्याच्या खिशातून आपलं जुनं भिंग काढलं आणि डबा आडवा धरायला सांगितला. तिने तो धरला. भोकांतून वाळू सांडत होती. आप्पा डब्याच्या बुडाकडे, खिळ्याच्या एकेका भोकाकडे बघत गेले. पहिलं भोक पाहिलं, दुसरं पाहिलं. तिसऱ्यापाशी ते थांबले. चेहऱ्यावरून काही म्हणजे काही कळत नव्हतं. मग त्यांनी भिंग थोरल्यांच्या हातात दिलं.

"तू बघ. माझे डोळे आता म्हातारे झाले."

त्यांचे डोळे मुळीच म्हातारे झालेले नव्हते. थोरले गुडघ्यावर बसले, एक डोळा मिटला आणि भिंगातून पाहिलं.

"पांढरा दोरा आहे," ते म्हणाले. "नाही, दोरा नाही. दोन आहेत. तिसरं आत वळलंय." त्यांनी वर पाहिलं. "मूळ आहे, आप्पा. मुळं धरलीत. सगळ्यात अशक्त म्हणाली ना ही? हिची खालपर्यंत आलीत!"

नणंदेने टाळ्या वाजवल्या. जाऊबाईंनी धाकटीला जवळ ओढलं आणि तिच्या कानाशी म्हणाल्या, "बोलायचं नाहीस का गं मला? मी काय परकी?" त्यावर देण्यासारखं उत्तर धाकटीकडे होतं, पण आज तिने ते गिळलं. आज तिला ते परवडत होतं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसतही नव्हती.

"चाफा मेला असेल तर पत्रे, असं ठरलं होतं," आप्पा म्हणाले. "मेलाय का?"

"एकाचे पाच झालेत, मेलाय कसला!" जाऊबाई म्हणाल्या, आणि नवऱ्याकडे वळल्या. "तो पत्रेवाला पाचला येणार आहे ना? करा फोन, येऊ नको म्हणून. मशीनचं काय ते खालीच बघा. मागच्या खोलीतल्या रिकाम्या खोक्यांची अडगळ काढली तर दोन मशीनं मावतील, मी दहा वेळा सांगितलंय."

थोरल्यांनी खिशातून फोन काढला. गच्चीच्या कोपऱ्यात जाऊन ते हळू आवाजात काहीतरी बोलले आणि परत आले. "अँगल परत घेतो म्हणाला," त्यांनी सांगितलं. त्यांना फार दुःख झालेलं दिसलं नाही.

"आप्पा, मला एक फांदी द्याल?" नणंद म्हणाली. "माझ्या दारात ऊन चांगलं येतं."

"मला काय विचारतेस? किल्ली कोणाकडे आहे?"

सगळ्यांनी धाकटीकडे पाहिलं. या घरात आल्यापासून सहा वर्षांत सगळ्यांनी एकदम तिच्याकडे बघावं असं घडलेलं नव्हतं. तिने पदराने चेहरा पुसला आणि डब्यांपाशी उभी राहिली.

"वन्सं, हा तुमचा. हा जाऊबाईंचा."

"आमच्या दोघांचा मिळून नको हं," जाऊबाई घाईने म्हणाल्या. "माझा वेगळा. ते रोज मगभर पाणी ओततील."

"तुमचा वेगळाच. भाऊजींनी हवा तो घ्यावा. कळ्यांचा आप्पांचा, आणि पाचवा मी ठेवते."

"आणि मी?" नवऱ्याने विचारलं.

"तुम्ही आधी पिंपातला तो थर फोडून साफ करा. छिन्नी-हातोडीने. मग बघू."

आप्पा इतके हसले की त्यांना खुबा धरावा लागला.

थोरल्यांनी आपला डबा उचलला, तीन पानांचा, सगळ्यात अशक्त. तो त्यांनीच पसंत केला होता. दोन्ही हातांत धरून ते जिन्यापर्यंत गेले आणि दाराशी घुटमळले. दुकान त्यांचं होतं, घरातला शेवटचा शब्द त्यांचा असायचा, आणि धाकट्या भावजयीला त्यांनी आजवर चहा झाला का यापलीकडे काही विचारलेलं कोणाला आठवत नव्हतं. ते वळले.

"धाकटे," ते म्हणाले, "याला पाणी कधी घालायचं?"

धाकटीने घाई केली नाही. तिने किल्ली कमरेला नीट खोचली.

"मी सांगेन तेव्हा, भाऊजी," ती म्हणाली.

"बरं," थोरले म्हणाले, आणि डबा छातीशी धरून एकेक पायरी जपून खाली उतरू लागले.